कोटिंगचा पाइप आणि माझे तळपाय

मागच्या वर्षी जवळजवळ चार महिने आमच्या घरात एका पाइपवर चर्चा चालू होती. मुलीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा एवढी चर्चा झाली नव्हती. मुलगा पाहिला, बरा वाटला, दोन्हीकडच्यांनी चहा घेतला आणि ठरलं. पाइपाचं तसं नव्हतं. त्याला कोटिंग करून घ्यावं की नाही, केलं तर आतून-बाहेरून करावं की नुसतं बाहेरून, आणि मुळात त्याचा उपयोग होतो की ती हौशी पोरांची थेरं आहेत, यावर माझे यजमान सकाळच्या चहापासून बोलत असत. मी ऐकत असे. निवृत्त माणसाच्या बायकोला हे काम असतंच.

पाइप म्हणजे गाडीचा हेडर. इंजिनातून निघणारा तापलेला धूर चार तोंडांनी गोळा करून खाली सायलेन्सरकडे नेणारा. हे सगळं मला लग्नानंतर चाळीस वर्षांनी कळलं, आणि न कळतं तरी माझं काही अडलं नसतं. पण आमच्या गाडीत हा पाइप डाव्या बाजूनं खाली उतरतो आणि जिथे माझे पाय असतात, बरोबर त्याच्याखालून मागे जातो. त्यामुळे मला त्यात लक्ष घालावं लागलं.

गाडी आमच्या मुलीहून दोन वर्षांनी मोठी आहे. तिचे सुटे भाग बनवणं केव्हाच बंद झालंय. हे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं होते. केसाएवढा फरक असला तरी जॉब परत पाठवणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, आणि घरातही पोळी किंचित वाकडी झाली की त्यांच्या नजरेत ते दिसायचं. तोंडानं मात्र कधी बोलले नाहीत, एवढं त्यांचं कौतुक करायला हवं. निवृत्तीनंतर त्यांचं सगळं लक्ष त्या गाडीकडे गेलं. इंजिनाला चिकटलेला मूळचा बिडाचा भाग तडकला तेव्हा जुन्या बाजारातही दुसरा मिळेना. मग मांजरीच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींनी स्टीलचे नळ वाकवून, जोडून नवा हेडर बनवला. गाडी सुरू केल्यावर यांचा चेहरा असा फुलला की मुलगी परदेशातून आली तरी एवढा फुलत नाही. म्हणाले, हिचा गळा मोकळा झाला. मला तर तिला सर्दी झाल्यासारखं वाटलं.

आम्ही वाघोलीला राहतो. आधी मांजरीच्या बाजूला भाड्यानं राहायचो, तिथल्या वस्तीतलं विहार आमचं जुनं. फ्लॅट घेऊन इकडे आलो तरी दर पौर्णिमेला आम्ही तिकडेच जातो. मी पांढरी साडी नेसते, सकाळी खीर करते आणि स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून गाडीत माझ्या दोन पायांच्या मध्ये धरून बसते. मागच्या सीटवर डबा ठेवला तर मुंढव्याच्या चौकात ब्रेक लागतो आणि खीर सीटवर येते. हे एकदा झालं आहे. त्या सीटला अजून वेलचीचा वास येतो असं हे म्हणतात. त्यामुळे खिरीची जागा माझ्या पायांत. आणि गाडीत बसल्या बसल्या चपला काढून ठेवायची मला पहिल्यापासून सवय.

त्या पौर्णिमेला घरी येऊन दुपारी पाय धुताना उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा फोड दिसला. दुखत नव्हता. यांनी पाहिला आणि लगेच निकाल दिला, खिरीचा डबा लागला. मीही तेच म्हणाले. डबा तर गरम असतोच, सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या पौर्णिमेला डब्याला जाड टॉवेल गुंडाळला. तरी टाच लाल झाली. त्याच्या पुढच्या वेळी डबा थंड करूनच न्यायचा ठरलं. विहारातल्या बायकांनी विचारलं, आज खीर गार का? मी म्हणाले, आमच्याकडे सध्या डब्यावर खटला चालू आहे. आणि त्याही दिवशी पाऊल भाजलंच, या वेळी डावं.

तेव्हा यांनी खाली वाकून गाडीच्या तळाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. पावसाळ्यात कुजलेला गालिचा त्यांनीच काढून टाकला होता आणि त्या जागी एक पातळ रबरी पट्टा अंथरला होता. त्याच्या खाली पत्रा आणि पत्र्याच्या खाली तो नवा पाइप. बिडाचा जुना भाग जाड होता, उष्णता दाबून ठेवायचा. नव्या पातळ नळ्या सगळी बाहेर फेकत होत्या. यांना ते एका क्षणात कळलं. माझ्याच पाइपानं, एवढंच म्हणाले आणि तिथेच उकिडवे बसले. मला त्यांची फार दया आली. पण त्यांनी एक प्रश्न मला विचारला नाही, आणि तो त्यांनी विचारू नये म्हणून मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी बोलू लागले.

तो प्रश्न असा, की इतकं भाजेपर्यंत मी पाय उचलला का नाही.

त्याचं उत्तर मला वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. साखरेच्या तपासणीला गेले होते तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले आणि एक जाडसर दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारलं, कुठे लागतंय? मी अंदाजानं सांगत गेले. शाळेत तोंडी परीक्षेला सांगत असे तसं. डोळे उघडले तेव्हा बाईंनी दोरा कधीच खाली ठेवला होता. उजवा तळवा जवळजवळ सगळा गेलाय, डावा निम्मा, असं त्या शांतपणे म्हणाल्या. अनवाणी चालायचं नाही, रोज आरशात तळवे बघायचे. घरी आल्यावर यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, थोड्या मुंग्या येतात म्हणाल्या, गोड कमी करा म्हणाल्या.

मी सरकारी कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक बघितलं. एक खोटी नोंद माझ्या हातून झाली नाही. घरात मात्र केली, आणि ती का केली तेही सांगते. माझ्या थोरल्या बहिणीचे पाय असेच गेले. ते कळल्यावर तिच्या घरच्यांनी तिला फार जपलं. खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला, उठू दिलं नाही. कुणी तिच्याशी भांडेना, कुणी तिला काही विचारेना. भाजी काय करायची हेसुद्धा विचारेनासे झाले. माणूस असं हळूहळू घरातून बाजूला होताना मी बघितलंय. आणि आमच्या गाडीत मागची सीट रिकामी असते. यांना कळलं असतं तर त्यांनी मला उचलून मागे बसवलं असतं. प्रेमानंच बसवलं असतं.

पुढची सीट गेली असती तर माझं काय गेलं असतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. घरात आम्ही दोघं गॅसच्या नंबराबद्दल आणि नळाला पाणी येण्याबद्दल बोलतो. खरं बोलणं गाडीत होतं. दोघांची तोंडं समोर, एकमेकांकडे बघायची सक्ती नाही, हात कामात. कारखान्यात पहिली कपात झाली तेव्हा आपलाही नंबर लागेल अशी भीती वाटते, हे त्यांनी मला गाडीतच सांगितलं. मुलीला इतक्या लांब पाठवायला माझं मन होत नाही, हे मी त्यांना गाडीतच सांगितलं. मागे बसून पाठीशी काय बोलणार?

तर पाइप. यांनी आठवडाभर फोनवर व्हिडिओ बघितले, जुन्या मित्रांना विचारलं, दोघांशी वाद घातला आणि मग मला घेऊन मेस्त्रींकडे गेले. मेस्त्री हे यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मांजरीचेच, उसाची शेती विकून उरलेल्या तुकड्यावर गॅरेज टाकलेलं. त्यांचं म्हणणं, पाइपाला पट्टी गुंडाळली तर स्वस्तात भागेल, पण पट्टी पाणी धरते आणि पाइप आतल्या आत गंजतो. कोटिंग हवं असेल तर पाइप काढून भोसरीला पाठवावा लागेल. तिथे त्यावर मातीच्या भांड्यासारखा पांढरट थर देऊन भट्टीत भाजतात. मी विचारलं, मग उष्णता कमी होते का?

"काकू, खरं सांगू का, उष्णता कमी न्हाई व्हत. ती पाइपाच्या आतच ऱ्हाती अन् मागं निघून जाती. कुठंतरी जाणारच हाय ती. तुमच्या पायाखालनं जाऊ द्यायची का न्हाई, एवढंच आपल्या हातात."

यांना ते उत्तर अपुरं वाटलं. किती कमी होईल, ते त्यांना हवं होतं. मोजल्याशिवाय काही मान्य करायचं नाही ही टूलरूमची सवय. आधीचं माप, नंतरचं माप, मग निर्णय. मी म्हणाले, थर्मामीटर आणा. त्यावर ते म्हणाले की बसायचं तुला आहे, थर्मामीटरला नाही. मग हात लावून बघा, असं मी म्हणाले तर त्यांनी दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. मशीनवर घासून घासून ते जाड झालेत, गरम तव्यावरची पोळी हे बोटांनीच उलटतात. म्हणाले, "माझ्या हाताला काही किंमत नाही. तुझ्या पायाचंच खरं धरायचं."

म्हणजे माप मीच झाले. पुढचे दोन महिने गाडीतून कुठेही गेलो की हे विचारायचे, दहापैकी किती? मी रस्त्याकडे बघून ठरवायचे. खराडीपर्यंत रस्ता मोकळा असला तर चार. मुंढव्याला अडकलो तर सात. एकदा ऊन फार होतं म्हणून आठ सांगितले. घरी आल्यावर हे वहीत लिहून ठेवायचे, तारीख, वेळ, रस्ता, आकडा. आकडे इतके व्यवस्थित जुळत होते की त्यांचा माझ्या पायांवर पूर्ण विश्वास बसला. मला रोज लाज वाटायची. भाजू नये म्हणून मी तेवढी काळजी घेत होते, जाड मोजे घालत होते, पट्ट्यावर घडी करून गोणपाट टाकत होते. गोणपाट कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं असणार, सात म्हणजे चटके बसत असतील बिचारीला.

कोटिंग करायचं शेवटी ठरलं ते त्या आठामुळे. पुढच्या पौर्णिमेच्या आत काम व्हायचं होतं. आदल्या दिवशी हे गाडी मेस्त्रींकडे सोडून आले आणि पौर्णिमेला सकाळी रिक्षानं जाऊन घेऊन आले. मी डबा घेऊन खाली उतरले. हे गाडीशी उभे होते, काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात शेजारच्या बाईंनी मला खीर कशी करता म्हणून अडवलं आणि ते राहून गेलं. गाडीत बसल्यावर मीच सुरू केलं. त्यांनी या पाइपासाठी एवढी धावपळ केली होती. मला त्यांना खूश करायचं होतं, दुसरं काही मनात नव्हतं. मुंढव्याला नेहमीसारखे अडकलो तेव्हा त्यांनी विचारायच्या आत मी म्हणाले, अहो, केवढा फरक पडलाय. आज दोन. दहापैकी दोन सुद्धा जास्तच होतील.

यांनी एकदा माझ्या पायांकडे बघितलं. मला वाटलं, समाधान झालं असेल. मी आणखी बोलत गेले, की भट्टीतला थर म्हणजे काही साधी गोष्ट नाही, की मला तर पायाखाली फरशीवर पाय ठेवल्यासारखं गार वाटतंय. केशवनगर मागे टाकल्यावर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उतरून माझ्या बाजूला आले, दार उघडलं, माझ्या पायांतला डबा काढून रस्त्यावर ठेवला. मग माझे दोन्ही पाय बाहेर घेतले आणि स्वतः तिथे मातीत बसले. स्वच्छ पांढरी पँट होती. मोजे काढले. उजव्या टाचेवर लाल चट्टा उठला होता.

"भोसरीची भट्टी बंद होती," ते म्हणाले. "पाइप काढलाच नाही अजून. होता तसाच आहे."

आमच्या शेजारून उसाच्या कांड्यांनी भरलेली एक ट्रॉली गेली. ती पूर्ण जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. खोटं पकडलं गेल्यावर माणसाला किती हलकं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याच्या मागोमाग भीती आली. ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. कधीपासून? दीड वर्ष होईल. मग ते सात? अंदाजानं. आणि तो आठ? त्या दिवशी ऊन होतं ना. वहीतले सगळेच? सगळेच. त्यांनी माझी टाच हातात धरली होती, अंगठा फिरवत होते, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. ते रागावतील अशी मी वाट बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

मी जे दीड वर्ष पोटात ठेवलं होतं ते तेव्हा बोलले.

"मला मागे बसवू नका."

त्यांनी वर बघितलं. त्यांना खरंच समजलं नव्हतं. मग मी बहिणीचं सांगितलं, खुर्चीचं, भाजीचं. गाडीत आपण काय काय बोललो ते सांगितलं. असं समोरासमोर, एकमेकांकडे बघत आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. ते ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "मागे बसलीस तर मला रस्ता कोण चुकवणार?" आणि माझे मोजे पुन्हा चढवले, एक उलटा.

त्या दिवशी विहारात आम्ही उशिरा पोचलो. परत येताना त्यांनी मला रिक्षात बसवलं आणि स्वतः गाडी घेऊन मागोमाग आले. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, ती जुनी गाडी सारखी मागं लागलीये. मी म्हणाले, लागू दे, चाळीस वर्षं झाली.

भट्टी सुरू झाल्यावर पाइप आतून-बाहेरून कोटिंग करून आला. तो बसवल्यावर यांनी मला गाडीजवळ फिरकू दिलं नाही. मेस्त्रींना चालवायला बसवलं आणि स्वतः माझ्या जागी बसले, मोजे न घालता, गोणपाट काढून, अनवाणी. भर दुपारी मुंढव्याच्या चौकातून दोन फेऱ्या मारल्या. इतक्या वर्षांत त्या सीटवर ते पहिल्यांदा बसले होते. घरी आले तेव्हा थोडे लंगडत होते. हात जाड असले तरी तळपाय काही मशीनवर घासलेले नव्हते. म्हणाले, इंजिनाजवळ खूप फरक आहे, पण पायाखाली मेस्त्री म्हणाला तसंच झालंय, उष्णता पाइपातून मागे येऊन तिथेच पोचते. नुसतं कोटिंग तुझ्यासाठी पुरायचं नाही. मग हेडरला जोडलेल्या, माझ्या पायाखालच्या नळालाही तोच थर दिला, नळ आणि पत्रा यांच्यात बोटभर जागा सोडून दुसरा पत्रा ठोकला, वर जाड गालिचा आला. ते पुन्हा अनवाणी बसले, पुन्हा दोन फेऱ्या. असं तीन वेळा झालं. मेस्त्री मला म्हणाले, काकांना आता सांगा, बास करा म्हणावं, फेऱ्या मारून गाडी घासली चौकात.

कुणी विचारलं तर मी सांगते, कोटिंग करून घ्या, फायदा आहे, पण त्याच्या भरवशावर पाय टाकू नका.

आता मी बंद बूट घालून पुढेच बसते. डबा मागे असतो, त्याच्यासाठी मेस्त्रींकडून लोखंडी कडी बनवून घेतली आहे. आकडा कुणी विचारत नाही. परवाच्या पौर्णिमेला मुंढव्याला अडकलो, तेव्हा हे एका हातानं स्टिअरिंग धरून माझ्या बाजूला वाकले आणि हाताची मागची बाजू, जिथली कातडी अजून मऊ आहे, गालिच्यावर टेकवली. गार आहे, म्हणाले. मी मान हलवली. मग हात तिथून काढायच्या ऐवजी त्यांनी माझ्या बुटाचा बंद सैल केला, बूट थोडा उतरवला आणि पावलावर हात ठेवला. मला तो जाणवत नव्हता. मी खाली बघत होते म्हणून दिसत होता. सिग्नल सुटला होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं आणि मी काही बोलले नाही. मागच्यांनी बराच वेळ हॉर्न वाजवला.